डाव्या हाताने काढलेलं पॅनेल

लिफ्ट दुरुस्त करते म्हणून तिला सगळे लिफ्टवाली म्हणत, त्याचं तिला काही वाटत नसे. राग होता तो त्या कंट्रोल कार्डाचा. तळहाताएवढं ते कार्ड, लिफ्टचा मेंदूच, जळलं आणि सात मजली इमारतीची लिफ्ट ठप्प झाली. नवं यायचं परदेशातून, आणि तिकडे दोन देश एकमेकांच्या जिवावर उठलेले. बंदरं बंद, माल अडकलेला. कंपनीचा माणूस आधी दोन आठवडे म्हणाला, मग चार महिने, मग फोनच उचलेना.

आता त्या दोन देशांच्या भांडणाशी सातव्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंचा काय संबंध? पण भोगत होत्या त्याच. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांना डायलिसिसला जावं लागे. चौघेजण खुर्चीत बसवून त्यांना जिन्याने उतरवत. या सोमवारी एकाचा पाय घसरला, खुर्ची कलंडली, बाई थोडक्यात वाचल्या. बुधवारी त्यांनी खाली उतरायलाच नकार दिला. पाय सुजून टम्म झाले होते. शुक्रवार चुकला तर माझ्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

इमारतीच्या अध्यक्षांनी डोकं चालवलं, म्हणाले, दार बंद नसेल तर लिफ्ट थांबवणारी ती सुरक्षा सोडून सरळ जोड मारा आणि चालवा. तिने विचारलं, दार उघडं असताना लिफ्ट हलली तर आत पहिले तुम्ही असाल का?

कार्डाशिवाय लिफ्ट चालवायची तर जुन्या पद्धतीचं रिलेचं पॅनेल हवं. रिले म्हणजे टकटक करणारे साधे स्विच, विजेच्या कुठल्याही दुकानात मिळतात. पण ते जोडायचे कसे, हे माहीत होतं तिच्या बापाला, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. याच इमारतीतलं त्याचं पॅनेल आठ वर्षांपूर्वी तिनेच उखडलं होतं. वर चार माणसांदेखत म्हणाली होती, "बाबा, हे आता भंगार." त्यानंतर एका घरात राहून दोघांनी लिफ्टचा विषय काढला नाही. पुढे अर्धांगवायूने बापाचा उजवा हात गेला.

बुधवारी दुपारी ती थेट त्याच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली.

"बाबा, चुकलं माझं. ते पॅनेल पुन्हा बांधायचंय."

डाव्या हाताने बापाने उशीखालून वही काढली. पानापानावर वाकड्यातिकड्या रेघा, पण एकेक रिले, एकेक वायर जिथल्या तिथे. बंदरं बंद झाल्याची बातमी ऐकली त्या दिवसापासून तो रोज काढत बसला होता.

"मग सांगितलं का नाही?" ती भडकली.

"तू विचारलंस का?"

हट्टीपणात दोघं एका मापाची, कोण कुणाला बोलणार! ती वही घेऊन निघाली.

गुरुवारचा सगळा दिवस ती गच्चीवरच्या लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत, बाप घरी, मध्ये फोन. आधी दारांची कुलपं जोड, बाकीचं नंतर, हे त्याने दहादा बजावलं. रिलेचा आवाज फोनवर ऐकूनच तो सांगे, चौथा उशिरा पडतोय, बदल. ती चिडायची, तपासायची, आणि मुकाट्याने बदलायची.

शुक्रवारी सकाळी सरकारी लिफ्ट तपासनीस आला. वजनाला वाळूची पोती भरून लिफ्ट वर-खाली फिरवली, दारं उघडून पाहिली, मगच त्याने सही केली. साडेदहाला शिक्षिकाबाई खाली आल्या आणि गाडीत बसून दवाखान्यात गेल्या.

मग बाप आला. लिफ्टने सातव्यापर्यंत, पुढचा जिना लेकीच्या खांद्यावर भार टाकून. पॅनेलपुढे तो उभा राहिला. आता शाबासकी मिळणार, असं तिला वाटलं, का नाही वाटणार?

"वायरींचं हे काय गबाळं करून ठेवलंयस?" तो म्हणाला. "उद्या मी नसेन तेव्हा यातली कुठली कुठे जाते ते तुला कळेल का? सोडव सगळं. नीट बांध. बाई चार तासांनी परत येतील."

तिला रडू फुटलं. बापाने खोलीतलं स्टूल पायाने ओढलं, त्यावर बसला आणि वही मांडीवर उघडली. तिने डोळे पुसले, मेन स्विच बंद केला आणि पहिली वायर सोडवायला घेतली.