निम्म्या भाड्याची खोली आणि आईने काढलेली दृष्ट

नंदुरबारात आमचं पहिलं बिऱ्हाड सुमारे तीन तास टिकलं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी कोकणातला, देवगडाकडचा. चौथीत शाळा सोडली (शाळेने हरकत घेतली नाही!) आणि पोटामागे धावत पार खानदेशात, कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, चिकटलो. ज्यांनी चिकटवलं त्यांचे उपकार आजही मानतो. पण गावातली भाडी ऐकली की छातीत धडधडायचं. शेवटी कळलं, एका धर्मादाय चाळीत निम्म्या भाड्यात खोली मिळते; मात्र संसारी माणसालाच. लगेच आईला आणि बायकोला बोलावून घेतलं. खोली हुकली तर दोघींना आल्या पावली कोकणात परत धाडायचं, या धास्तीने मला अन्न गोड लागेना.

चाळीचे कारभारी हिलालआप्पा. आधी माझ्याकडे, मग ट्रंकेकडे, मग आईकडे बघत म्हणाले, “सांजले मी येसू. तोपावत कोनं गाऱ्हानं उनं नहीं, ते खोली तुन्ही.”

“नाही येणार आप्पा! आम्ही श्वाससुद्धा हळू घेतो!”

इतक्या स्वस्तात चुना दिलेली खोली! आई हरखली आणि लगेच घाबरली. (घाबरणं मला आईकडूनच आलंय.)

“कुणाची तरी दृष्ट लागेल रे. उतरून टाकते.”

“आई, आज नको. आप्पा येतायत.”

“म्हणून तर आजच!”

दृष्टीला मिरच्या हव्यात. नंदुरबारात त्या मागाव्या लागत नाहीत. अंगणभर लाल पथारी वाळत पडलेली. नवीन बिऱ्हाड म्हणून शेजारणीने कौतुकाने सूपभर दिल्या. आईने मीठ-मोहऱ्या आणि पाच मिरच्या उंबऱ्यावरून ओवाळल्या, चुलीत टाकल्या आणि नाक पुढे केलं. वास नाही. ठसका नाही! आमच्याकडे याचा अर्थ एकच: दृष्ट जबरदस्त लागलीय.

“सासूबाई, मिरच्या अजून ओल्या असतील,” बायको हळूच म्हणाली.

“तू गप. अख्ख्या चाळीचे डोळे लागलेत!” आणि आईने मूठभर टाकल्या. तरी वास नाही. आता मीही हादरलो. एवढी दृष्ट! सूप उचललं आणि मीच सगळं चुलीत ओतलं.

तेवढ्यात दारात हिलालआप्पा.

“काय करी ऱ्हायनात रे भाऊ?”

उत्तर मिरच्यांनी दिलं! ओल्या होत्या त्या वाळल्या, वाळल्या त्या पेटल्या, आणि पहिल्या खोलीतल्या म्हाताऱ्यापासून गोठ्यातल्या म्हशीपर्यंत सगळी चाळ एका सुरात खोकू लागली.

“मन्हा डोया गयात! पानी! पानी लया कोनी!” आप्पा ओरडले.

“उतरली! उतरली रे दृष्ट!” डोळ्यांतून धारा लागलेल्या आईला आनंद मावेना.

मी आप्पांचे पाय धरले (धुरात ते शेजारणीचे निघाले). मग आवाजाच्या रोखाने सरकून खरे पाय धरले. “आप्पा, काढू नका हो! या दोघींना घेऊन कुठे जाऊ?”

आप्पा ओट्यावर बसून डोळ्यांवर पाणी मारत होते. “तुले काढी टाकं, ते ही माय जाता जाता काय करी, कोन जाने! ती गोठाना पल्याडनी खोली दिखस ना? तठे ऱ्हाय. भाडं आखो निम्मं. पन चूल पेटाडाना पहिले माले सांग, मी गावबाहेर जासू!”

पाव भाड्याच्या त्या गळक्या खोलीत आम्ही नऊ वर्षं सुखाने काढली. सामान लावलं त्याच दिवशी आईने पुन्हा मीठ-मोहऱ्या हातात घेतल्या.

मी म्हटलं, “आई, या खोलीवर आणि माझ्यावर जळणारा माणूस आधी जन्माला तर येऊ दे!”

आईने खोली पाहिली, मला नीट न्याहाळलं, आणि मुकाट्याने मोहऱ्या डब्यात परत टाकल्या.