उजवी बाजू आधी

शमीम सकाळी दारात आली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. ती हमीदाबीच्या भाच्याची बायको, चार घरं सोडून राहणारी. म्हणाली, "मौसी, पानी चढा दिया है." आमच्या गल्लीत एवढंच म्हणायची पद्धत. कोणाच्या अंगणात चुलीवर मोठं पातेलं चढलं, त्यात बोरीचा पाला पडला, की समजायचं मुसलमानाच्या घरची बाई गेली आणि तिला आंघोळ घालायला हमीदाबीला बोलवायचं आहे. पंचवीस वर्षं मी हेच पाहत आले. म्हणून सवयीनं म्हणून गेले, "मग इथं काहून उभी? हमीदाले सांग ना जाऊन." शमीम उंबऱ्यावरून हलली नाही. मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला, दुसरा उचलला, आणि मग समजलं…

हमीदाला जाऊन आता दीड महिना झाला. चाळिसावा झाला, जेवणं झाली, लोक आपापल्या कामाला लागले. माझं शिक्षण चौथीपर्यंत, लिहिण्याची सवय बाळंतपणाच्या वहीपुरती. कोणाच्या घरी मुलगा, कोणाच्या घरी मुलगी, पायाळू की सरळ, एवढंच मी आजवर लिहिलं. तेव्हा इथे सुंदर काही मिळणार नाही. हमीदाबी गोड बाई होती असंही मी लिहिणार नाही. ती हट्टी होती, तंबाखू खायची, आणि माझी उसनी नेलेली परात तिनं कधी घासून परत केली नाही.

मी आमच्या या हंसापुरी मोहल्ल्यात दाईचं काम करायची. हमीदा मौद्याकडच्या खेड्यातली, धानाच्या बांधीत वाढलेली. उर्दू तिची यथातथाच, बोलायची माझ्यासारखीच. नवरा विणकर होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. मेलेल्या बायांना आंघोळ घालायचं काम कोणाला नको होतं म्हणून तिच्याकडे आलं आणि तिच्याकडेच राहिलं. मी पोरं आणायची, ती बाया पोचवायची. गल्लीतले टवाळ म्हणायचे, सारी हंसापुरी या दोघींच्या मधात आहे. आम्ही ओट्यावर चहा प्यायला बसलो की पोटुशा बाया रस्ता बदलून जायच्या. हमीदा ओरडायची, "अवं, मले नको भेऊ. तुले भ्याचं त या कौसल्येले भेय. हिचे हात माह्याहून थंडे हायेत."

तिचं काम मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच घरात. साठ साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. दुपारी एका रिक्षावाल्यानं एक बाई माझ्या दारात आणून सोडली. स्टेशनवर उतरली आणि तिथेच कळा सुरू झाल्या, सोबत कोणी नाही. नाव विचारलं तर दात आवळून तिनं फक्त मान हलवली. तासाभरात मुलगी झाली, चांगली धडधाकट. पण बाईचं रक्त थांबेना. डॉक्टरला निरोप धाडला, तो येण्याआधी ती गेली. माझ्या हातून तीन बाया गेल्या, त्यातली ती एक. पोलीस येऊन पाहून गेले. नातेवाईक दिवस मावळेपर्यंत आले तर ठीक, म्हणाले, नाही तर उद्या गाडी पाठवू. मी भिंतीला टेकून बसले होते. हमीदा आली, तिनं बाईच्या गळ्यातला काळ्या दोऱ्याचा तावीज पाहिला, कुंकू नसलेलं कपाळ पाहिलं, आणि म्हणाली, "आमच्यातली दिसते. अन् नसली तरी हिले अशी रक्तात नाही ठेवत मी. पाणी तापव."

मागच्या अंगणात लुगडी बांधून आडोसा केला. मी पाणी आणून देत होते. हमीदानं बाईवर चादर टाकली, हळूच डाव्या कुशीवर वळवली, आणि बोलायला लागली. मला वाटलं, माझ्याशीच बोलते आहे. "आता उजवी बाजू धुवून राहिली मी. उजवी आधी असते. पाणी गरम हाये, भेऊ नको. हा खांदा, हा हात… आता पाय. पोरगी तुही चांगली हाये बाप्पा, रडून राहिली, ऐकू येते ना?" मला राग आला. माझ्या हातून बाई गेली होती आणि ही तिच्याशी गप्पा मारत होती. मी म्हणाले, "काहून वं हमीदे, कोणाले सांगून राहिली तू? तिथं कोणी नाही. मी पाह्यलं ना, गेली ते."

"गेली म्हणजे दूर गेली काय?" हमीदा मान वर न करता म्हणाली. "बाजूलेच असन. पाहून राहिली असन का माह्या आंगाले हे कोण हात लावून राहिलं. सांगितलं नाही त घाबरन." मग तिनं तिसऱ्या पाण्यात कापूर टाकला, आपली दुवा वाचली आणि ओल्या चादरीवर कोरडी चादर घातली.

नवरा आला तो यानंतर अर्ध्या तासानं. रामटेककडचा शेतकरी, सोबत भाऊ. बायको माहेरून एकटी निघाली होती, हे दोघं तिला घ्यायला स्टेशनवर उशिरा पोचले आणि रिक्षावाल्यांना विचारत इथवर आले होते. बाईचं नाव सुभद्रा. कुंकू कळांच्या घामात पुसलं होतं. तावीज गावच्या दर्ग्यावरचा, पोर टिकावं म्हणून सासूनं बांधलेला. तसे तावीज आमच्या भागात कोण बांधत नाही? पण ते आम्हा दोघींना सुचलं नव्हतं. मी हमीदाचा पदर मागून ओढला, म्हणजे गप्प राहा. हे लिहायला लाज वाटते, पण माझं घर, माझी गल्ली, आणि आंघोळीचं ऐकून हे दोघे काय गोंधळ घालतील याची मला भीती वाटली. हमीदानं पदर सोडवून घेतला आणि सरळ सांगितलं, "भाऊ, मले मालूम नव्हतं. मी आमच्या रीतीनं आंघोळ घातली, दुवा वाचली. चूक माही हाये, या बाईची नाही."

नवऱ्याचा भाऊ उसळला. "मेल्यावर बाटवली आमच्या वहिनीले!" दारात चार माणसं जमली. नवरा मात्र उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "पाणी गरम होतं काय?"

"हाव."

"तिले थंडं पाणी चालत नव्हतं. उन्हाळ्यातही तापवून घ्याची." मग विचारलं, "नाव मालूम नव्हतं त हाक काय म्हणून मारली?"

हमीदा म्हणाली, "हाक नाही मारली, भाऊ. जे होती तिले सांगत गेली. नाव त तुम्ही आता आणलं."

भाऊ अजून बडबडत होता. परत आंघोळ घालायची म्हणाला. हमीदानं स्वतः तांब्या भरून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "घाला ना बाप्पा. दोनदा पाणी टाकलं त काही बिघडत नाही. फक्त सांगून टाका, तिले वाटन आता हे कोण आलं." त्यानं तांब्या घेतला आणि तसाच धरून उभा राहिला. शेवटी नवऱ्यानं त्याच्या हातून तो घेतला, आडोशाच्या आत गेला, आणि आम्ही बाहेरून ऐकलं, "सुभद्रे, मी आलो वं." मी आतून कुंकवाचा करंडा आणून दिला. मुलीला माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ते घेऊन गेले. पुढे ती जगली की नाही, मला माहीत नाही.

त्या दिवसापासून हमीदाशी माझं भांडण सुरू झालं. ते वीस वर्षं चाललं, बहुतेक ओट्यावर, चहाच्या वेळी. मी म्हणायची, आमच्या कीर्तनात सांगतात, देह वेगळा आणि आत राहणारा वेगळा, तो मरत नाही. ती म्हणायची, आमच्यातही हेच सांगतात, त्याले रूह म्हणतात. मी म्हणायची, मी हजार पोरं ओढून काढली, आत कोणी बसलेलं मला कधी दिसलं नाही. ती म्हणायची, "मले बी नाही दिसलं. पण तू पोराले काय म्हणतं काढतानी?" मी काय म्हणते ते मला माहीतच नव्हतं. तिनं बाहेर बसून ऐकलं होतं. "ये, ये बापा, भेऊ नको, आलंच, असं म्हणतं तू. कोणाले म्हणतं? बारसं झालं नाही, अकीका झाला नाही. तो हिंदू नाही का मुसलमान नाही, पोरगं हाये का पोरगी हे बी तुले मालूम नाही. मग ये कोणाले म्हणतं?" मी म्हणाले, सवय आहे, बैलालाही म्हणतात. ती हसली, तंबाखू थुंकली आणि म्हणाली, "मी त्यालेच जा म्हणतो. तुह्या इकडून आला, माह्या इकडून गेला. मधात लोकाईनं नाव ठेवलं, धरम ठेवला, आंगावर कपडे घालतेत तसे. मी कपडे काढूनच पाहतो नं सगळ्याईले."

मला पटलं असं नाही. अजूनही पटलं का, सांगता येत नाही. पण त्यानंतर प्रत्येक बाळंतपणात माझ्या कानांना माझाच आवाज ऐकू यायचा, ये बापा, ये… आणि मी चिडायची, कारण मध्येच हमीदाचा चेहरा दिसायचा.

पुढे हॉस्पिटलं वाढली, बाया तिकडे जाऊ लागल्या. माझं काम संपलं. मुलगा वाडीला गोदामात कामाला लागला, तिथेच खोली केली, रविवारी येतो. हमीदाचं काम संपण्यासारखं नव्हतं, पण गुडघे गेले. मग गल्लीतल्या दोन तरण्या बायांना तिनं शिकवलं. शिकवलं म्हणजे हात कसा धरायचा, पाणी किती. बोलायचं मात्र त्यांना जमेना. त्यांना लाज वाटायची. गेल्या दिवाळीच्या आसपास ती माझ्याकडे आली, खाटेवर बसली आणि म्हणाली, "कौसल्ये, माह्या वक्ताले तू सांगजो."

"मी? मी त काही मानतच नाही."

"म्हणूनच. शमीम रडन. रडणारीले उजवं डावं समजत नाही. तू खोटं सांगत नाही. जे होऊन राहिलं तेच सांगजो, जास्ती काही नको." मी म्हणाले, आधी मीच गेले तर? म्हणाली, "त मी येतो नं. तुमचे लोक हाकलतील, त बाहेरून ओरडतो." मी हो म्हणाले. मला वाटलं, तेवढ्यापुरतं म्हणायला काय जातं…

तर त्या सकाळी मी सूप तसंच टाकून गेले. अंगणात चादरी बांधल्या होत्या. शमीमच्या मोठ्या नणंदेनं माझा हात धरला आणि फार मऊपणानं म्हणाली, "मौसी, आप इधर बैठो. अंदर हमारेवालीच लगती." तिचं चुकलं नव्हतं. नियम होता, आणि हमीदाही नियमानं चालणारी बाई होती. मी बाहेर बाजेवर बसले. आत पाणी पडू लागलं. कोणी बोलेना. नुसतं पाणी, आणि बादलीवर तांब्या लागल्याचा आवाज. मला हमीदाचं सगळं बोलणं खोटं वाटत आलं होतं, वीस वर्षं. पण ती शांतता ऐकवेना. मी ओरडले, "कोणती बाजू धुवून राहिल्या?"

बाया वळून पाहायला लागल्या. आत पाणी पडतच राहिलं. मला दिसत नव्हतं आणि अंदाजानं सांगायचं नव्हतं, कारण खोटं सांगायचं नाही हे ठरलेलं होतं. मी उठून चादरीच्या अगदी जवळ गेले. "पोरी, मी आत येत नाही. कोणती बाजू तेवढं सांग."

आतून बारीक आवाज आला. हमीदानं शिकवलेल्यांपैकीच एक होती. "सीधी बाजू, मौसी."

"हमीदे," मी म्हणाले, "उजवी बाजू धुवून राहिल्या. उजवी आधी. मी बाहेर हावो, चादरीच्या इकडं." मग आतून पोरगी सांगत गेली आणि मी सांगत गेले. खांदा. हात. आता पलटवून राहिल्या तुले, डावी बाजू. हे तिसरं पाणी, कापराचं. पाणी गरम आहे का, हे मी दोनदा विचारून घेतलं आणि मगच सांगितलं. नणंदेनं मला अडवलं नाही. मी रडले नाही. रडायला सवड नव्हती, लक्ष ठेवावं लागत होतं. शेवटी आतली पोरगी म्हणाली, "हो गया," आणि मला पुढे काय सांगायचं ते सुचेना. मी म्हणाले, "झालं, हमीदे." नंतर पुरुष आले आणि तिला घेऊन गेले.

आता ओट्यावर मी एकटीच चहा पिते. भांडायला कोणी नाही, आणि माझ्या वेळी बाहेरून ओरडणारीही नाही. सुनेला एकदा सांगून पाहिलं, ती म्हणाली, "काही बी बोलता, आई." शमीमला सांगितलं नाही. तिला कशाला अडकवायचं. परात परवा शमीमनं आणून दिली, हमीदाच्या घरात सापडली म्हणून. नेहमीसारखीच न घासलेली, कडेला सुकलेलं पीठ. मी ती तशीच भिंतीला उभी केली आहे, अजून घासली नाही.

सकाळी न्हाणीत बसते तेव्हा आधी बादलीत हात घालून पाणी पाहते. तोंडातून निघतं, "गरम हाये." मग उजव्या खांद्यावर पहिला तांब्या घेते. "उजवी बाजू आधी." कोणाले सांगून राहिली, कौसल्ये? मी हमीदाला विचारलं होतं तेच स्वतःला विचारते. मग तांब्या भरते आणि डाव्या बाजूचंही सांगते.