हात टेकायची बाजू

सोफेवाल्या काकांच्या वाजवण्याला उभ्या आयुष्यात एकच टीकाकार लाभला, आणि तो त्यांच्याच स्वयंपाकघरात होता. काकू निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. वर्षानुवर्षं लोकांचे आवाज एकमेकांना जोडून देता देता त्यांचा कान असा तयार झाला होता, की बाहेरच्या खोलीत काकांचा सूर केसभर घसरला तरी आतून हाक यायची, "अहो, तार उतरलीये!" काका करवादायचे, पुटपुटत तार तपासायचे. ती उतरलेलीच असायची, हे त्यातलं खरं दुखणं.

काकांचं वाद्य पेडल स्टील गिटार. गिटार म्हटलं की गळ्यात अडकवायची वस्तू डोळ्यांसमोर येते. ही मात्र टेबलासारखी चार पायांवर उभी. वाजवणारा तिच्यापुढे बसतो, डाव्या हाताने पोलादी कांडी तारांवरून सरकवतो, उजव्या हाताने तारा छेडतो, पायांनी पेडल दाबतो आणि गुडघ्यांनी खालचे दांडे ढकलतो. शरीराचा कुठलाच भाग फुकट बसून राहत नाही. काकांच्या गिटारीला तारांच्या दोन बाजू होत्या. पलीकडची उंच, बारीक सुरांची. तिच्या जोरावर काकांनी तरुणपणी हॉटेलांतल्या संध्याकाळी गाजवल्या होत्या. अलीकडची जाड तारांची, खालच्या सुरांची, निराळ्याच जुळणीची. ती शिकायचं राहूनच गेलं. हात टेकायला तेवढी ती बरी पडायची. माणूस सोफे भरणारा. त्याने त्या बाजूवर फोम घालून, वर तपकिरी रेक्झिन ताणून झकास गादी शिवली होती. घरी येणारे वादक वाजवण्यापेक्षा गादीचंच कौतुक जास्त करायचे.

गेलं वर्षभर मात्र आतून हाक आली नव्हती. काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हातारपणी का होईना, हात बसला म्हणायचा! मग एका संध्याकाळी एक तार इतकी उतरली, की त्यांची त्यांनाच ऐकवेना. आतून चकार शब्द नाही. काकांच्या मनात पाल चुकचुकली. ते उठून आत गेले. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काकांकडे पाहून त्यांनी सहज विचारलं, "आज वाजवणार नाही का?"

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वरचे सूर गेलेत, खालचे अजून शाबूत आहेत. कानातलं मशीन आणलं. ते घालून काकूंनी काकांची एक गत ऐकली आणि काढून ठेवलं. "पत्र्यावर खडे ओतल्यासारखं वाटतं हो. तुमचा दोष नाही," त्या म्हणाल्या. तुमचा दोष नाही! असली गोड वाक्यं त्या बाईच्या तोंडून काकांनी संसारात कधी ऐकली नव्हती. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गादीची शिवण उसवली. फोमखाली जाड तारा गंजून बसल्या होत्या. त्यांनी त्या बदलल्या, पेडलांना तेल दिलं, आणि ही जुळणी शिकवणारे कोर्स लॅपटॉपवर शोधायला बसले. इथे खरी गंमत सुरू झाली. कोर्स भाराभर, आणि प्रत्येकाचा फुकटचा पहिला धडा गोड. एक टोपीवाला गुरुजी स्वतःच्याच आठवणींचं गुऱ्हाळ लावायचा; कांडी तारेला लागेपर्यंत धडा संपायचा. दुसऱ्या कोर्सात माणूसच दिसत नव्हता, नुसते हात आणि कांडी कुठे ठेवायची ते सांगत पडद्यावरून पळणारे आकडे. पण ते हात असे काही चालत, की काका पुन्हापुन्हा मागे नेऊन बघत. तिसरी एक आजीबाई. मोटार ठेवायच्या खोलीत बसून ती अख्खा धडाभर एकच सुरावट वाजवायची, तीही जाड तारांवर, आणि मधेच डोळे मिटून गप्प बसायची. काकांना वाटलं, बाईंना डुलकी लागली.

"बाबा, ज्याला जास्त लोकांनी चांगलं म्हटलंय तो घ्या आणि मोकळे व्हा," लेक फोनवर म्हणाली.

"लोकांना वाजवून दाखवायचंय का मला?" काका म्हणाले.

त्यांचं मन आकड्यांवाल्या हातांवर बसलं होतं. दिवसभर ते कानांवर हेडफोन चढवून तेच बघत. काकूंची दुपारची झोप मोडू नये, ही जुनी सवय. टेबलाखाली त्यांचा गुडघा डावी-उजवीकडे हलताना बघून काकूंनी गुपचूप दुखण्यावरचं मलम आणून ठेवलं.

"हे कशाला?" काकांनी हेडफोन उतरवत विचारलं.

"गुडघा वळवळतोय तुमचा. आणि दिवसभर कानांत काय घालून बसता? मला काही ऐकूच देत नाही."

काकांनी मलमाची डबी बाजूला सारली. शिकायचं कोणाच्या कानांसाठी आणि निवडतंय कोण! त्यांनी स्वतःच्या डोक्यात टपली मारली, हेडफोनची वायर उपटली आणि लॅपटॉपला खोलीतला मोठा स्पीकर लावला. टोपीवाला बोलत राहिला. काकू भाजी निवडत राहिल्या. आकड्यांवाले हात सरसर चालले. काकूंनी देठ मोडला, बाजूला टाकला. मग आजीबाईंनी आपली ती एकुलती एक सुरावट छेडली. काकूंचा हात थांबला.

"हे कोण वाजवतंय?"

"आहे एक आजी. आवडलं?"

"पुन्हा लावा की."

काकांनी तिथल्या तिथे आजीबाईंचा कोर्स घेतला. नव्या बाजूवर त्यांचे जुने हात पार अडाणी झाले. सवयीने कोपर टेकायला जायचं आणि गादीच्या जागी तारा खणखणायच्या. पेडल दाबायचं एक आणि पाय पडायचा भलत्यावरच. आजीबाई मधेच गप्प का बसतात तेही कळलं. छेडलेला सूर पूर्ण विरेपर्यंत त्या तो ऐकत असत. काकाही आता तसेच डोळे मिटून बसू लागले. काकू अधूनमधून दारात येऊन बघून जात, पण सुरांबद्दल काही बोलत नसत. ऐकू येतं की नाही, हे विचारायचं काकांना धाडस होत नव्हतं.

एका संध्याकाळी ती सुरावट पहिल्यांदाच न अडखळता वाजली. काका सूर विरायची वाट बघत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, ती जाड तार उतरलीये!"

त्यांनी तार तपासली. उतरलेलीच होती. हाक त्यांना अगदी स्वच्छ ऐकू आली होती, तरी ते मोठ्याने ओरडले, "काय म्हणालीस?"

काकू हात पुसत दारात आल्या. "तार उतरलीये म्हटलं! कान गेले का तुमचे?"