साडेपंचवीस इंच

११ जानेवारी २०२४, गुरुवार. इंदापुरात संघपाल मिसाळ यांच्या दारात कुरियरवाला आला, त्याने सात हजार तीनशे चाळीस रुपये रोख घेतले आणि एक लांबट खोके ओट्यावर ठेवून तो निघून गेला. खोके उघडले तेव्हा कौसल्याबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. आत एक जाड लाकडी फळी होती, एक दांडी होती, काही वायरी होत्या आणि स्क्रूंच्या पुड्या होत्या.

“अवं, ह्यात गिटार कुठं हाय?”

“हीच की.”

“मोडलेली पाठवली व्हय?”

“मोडलेली न्हाय. अजून व्हायची हाय.”

“सात हजारांत पोळपाट-लाटणं आलं म्हना की,” एवढे बोलून कौसल्याबाई पुन्हा तव्याकडे गेल्या.

गिटार करुणासाठी होती. करुणा ही त्यांची धाकटी मुलगी. ती बारामतीच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते आणि रोज एसटीने ये-जा करते. सुट्टीच्या दिवशी आणि जयंतीच्या दिवसांत ती बारामतीच्याच सुमित नावाच्या गायकाच्या गायन पार्टीत गिटार वाजवते. पार्टीच्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारची दांडी वाकली आणि नवी बरी गिटार पंधरा हजारांच्या खाली मिळेना. सुटे भाग घेतले तर निम्म्यात भागते, हे करुणाने वडिलांना मोबाइलवर सहज दाखवले आणि वर म्हणाली, “पण जोडायची आपली आपण असते, आबा. एवढं कोण करणार?”

संघपालरावांसमोर हा प्रश्न टाकणे म्हणजे मुंगीला साखरेचा पत्ता विचारण्यासारखे होते. चौतीस वर्षे ते वालचंदनगरच्या कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये होते. यंत्राचा एखादा भाग पोलादात ओतायचा, तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो. तो लाकडी नमुना वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. त्या लाकडी नमुन्याला पॅटर्न म्हणतात. संघपालरावांनी माणूस आत बसेल एवढे पंपाचे पॅटर्न केले, तळहातावर मावतील असेही केले. ओतीव भाग देशभर गेले. पॅटर्न मात्र गोदामात पडून राहत आणि जुने झाले की मोडीत निघत. त्यांच्यावर नंबर असे, करणाऱ्याचे नाव नसे. त्याबद्दल संघपालरावांनी कधी तक्रार केली नाही. पण निवृत्त होऊन क्वार्टर सोडताना ते बायकोला एकदाच म्हणाले होते, “चौतीस वर्षं काम केलं, पण दाखवायला हातात एक वस्तू न्हाय बघ.”

ही गिटार आता तशी वस्तू होणार होती. वाळूत दाबायला नव्हे, लोकांपुढे मिरवायला.

शेजारच्या गेणबा सुताराच्या शेडमध्ये त्यांनी काम मांडले. घाई नावालाही नव्हती. दांडी फळीच्या खाचेत बसवायला त्यांनी आठवडा घेतला. आधी काजळी लावून दांडी खाचेत दाबायची, काळे कुठे लागते ते पाहायचे, तेवढेच पटाशीने खरवडायचे आणि पुन्हा दाबायची. शेवटी स्क्रू न लावता गिटार दांडीला धरून उचलली, तरी फळी सुटली नाही. गेणबा सगळे पाहत होता. संघपालरावांचे हात पाहून तो मनातून चाट पडला होता, पण तसे बोलून दाखवले तर तो गेणबा कसला!

“संघपालराव, ही तुणतुण्याची आई का हो?”

“आत्या हाय. लांबून आलीय.”

रंगाच्या बाबतीत जुनी सवय आडवी आली. त्यांच्या शॉपचा रिवाज असा, की पॅटर्नला लाल रंग द्यायचा आणि जिथे पुढे यंत्रावर काम व्हायचे असेल तेवढी जागा पिवळी करायची. गिटारही तशीच लालभडक झाली. करुणाला निळी हवी होती, पण वडिलांचा उत्साह पाहून तिने ते सांगितलेच नाही.

राहिली घोडी. तारा ज्या लोखंडी तुकड्यावर टेकतात, ती घोडी. तिची भोके खोक्यातल्या फळीला पाडलेली नव्हती. सोबतच्या कागदावर माप होते : दांडीच्या टोकाच्या हाडाच्या पट्टीपासून घोडीपर्यंत साडेपंचवीस इंच.

गेणबाने आपला टेप पुढे केला.

“तुझ्या टेपच्या टोकाचा आकडा ढिला हाय,” संघपालराव म्हणाले. ते घरी गेले आणि पेटीच्या तळातून फडक्यात गुंडाळलेली पोलादी मोजपट्टी घेऊन आले. निवृत्तीच्या दिवशी शॉपमधल्या सोबत्यांनी त्यांच्या वापरातली पट्टी त्यांनाच भेट दिली होती. तिच्यावरच्या रेघा केसासारख्या बारीक होत्या. त्यांनी तीन वेळा मोजले, खूण केली आणि भोके पाडली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गिटार वाजली. करुणाने तारा लावल्या, अॅम्पला वायर जोडली आणि दोन सुरावटी छेडल्या. सगळी आळी गोळा झाली. गेणबासुद्धा म्हणाला, “आत्याबाईंचा गळा चांगला हाय.” संघपालरावांचे कान मात्र लाकूड कापणाऱ्या बँडसॉच्या आवाजात कामातून गेलेले होते. माणसाचे बोलणे ऐकू यायचे, बारीक सूर यायचे नाहीत. म्हणून ते रोज संध्याकाळी करुणासमोर बसून तिचे हात पाहायचे. कानाचे काम डोळ्यांवर टाकायची त्यांना सवय होती.

बुद्धपौर्णिमेला, २३ मे रोजी, इंदापुरातच कार्यक्रम ठरला होता. सुमितने एक नवी चाल बांधली होती आणि तिच्या मध्यावर करुणाचा एकटीचा तुकडा होता. त्याची तालीम करायला सुमित १२ मेच्या रविवारी बारामतीहून आला. संघपालराव खिडकीबाहेर पटाशीला धार लावत बसले होते.

“करुणा, पौर्णिमेला मी भाड्याची गिटार आणतो. ही राहू दे घरी,” आतून सुमितचा आवाज आला.

“हळू बोल, दादा. आबा बाहेर हायत.”

“मी काकांचा अपमान करतोय का? दिसायला एक नंबर हाय. भिंतीला लाव की.”

धार लावणारा हात थांबला. सुमित गेल्यावर संघपालराव आत आले आणि मुलीसमोर बसले.

“दोन महिनं बघतोय. तुझा हात दांडीवरच्या चौथ्या पट्टीच्या पुढं जात न्हाय. मला वाटलं, अजून बसतोय हात. पुढचं रान पडीक का ठेवलंस?”

करुणाने मान खाली घातली. “पुढं सूर उतरतो, आबा. जेवढं पुढं जावं तेवढा जास्त.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुमी रोज समोर बसायचा. कशी बोलू?”

“पॅटर्न चुकला तर फाउंड्रीवाला तासाभरात येऊन तोंडावर सांगतो.”

“मी फाउंड्रीवाली न्हाय.”

त्या रात्री संघपालराव जेवले, पण चवीने नाही. गिटार भिंतीला लागणार आणि स्टेजवर भाड्याची जाणार, हे त्यांना जेवढे लागले, त्याहून मुलगी दोन महिने आपल्याला सांभाळून घेत होती, हे जास्त लागले.

सकाळी त्यांनी करुणाला लॅबला जाण्याआधी थांबवले. “सूर उतरतो म्हंजे कशानं उतरतो? मला समजंल असं सांग.”

करुणाने दांडीवरची बारावी पट्टी दाखवली. “ही तारेच्या बरोब्बर मधोमध यायला पाहिजे. वरचा अर्धा आन् खालचा अर्धा सारखा.”

हे त्यांना समजण्यासारखे होते. करुणा एसटीला गेली आणि त्यांनी दोरा घेतला. हाडाच्या पट्टीपासून बाराव्या पट्टीपर्यंत तो ताणून धरला, कापला आणि तोच तुकडा बाराव्या पट्टीपासून घोडीकडे धरला. दोरा घोडीपर्यंत पोचला नाही. अर्ध्या इंचाहून थोडा जास्तच कमी पडला. घोडीचे स्क्रू फिरवून एवढे अंतर निघण्यासारखे नव्हते.

तीन वेळा मोजून अर्धा इंच? हे त्यांच्या हातून झाले, यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी गेणबाचा टेप मागून आणला, आपल्या पट्टीशेजारी ठेवला आणि दोन्हींवरचा एक फूट जुळवून पाहिला. मग ते इतक्या मोठ्याने हसले, की कौसल्याबाई चमचा घेऊन धावत आल्या.

“काय झालं?”

“पट्टी पोलादाची हाय!”

“मग? आधी कशाची वाटली?”

त्यांनी समजावून सांगितले. तापलेले पोलाद थंड होताना आकसते, फुटामागे पाव इंच. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी आकडेमोड करायला नको, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच मुळात लांब केलेली असते. तिच्यावरचा एक फूट बाजारातल्या फुटापेक्षा पाव इंचाने मोठा. चौतीस वर्षे या पट्टीने मोजले आणि माप कधी चुकले नाही, कारण पुढे पोलाद आकसत होते. निवृत्तीनंतरच्या पाच वर्षांत हे डोक्यातून पार निघून गेले होते.

“मग ठिवा गिटार उन्हात,” कौसल्याबाई म्हणाल्या. “आकसंल.”

दुसरा कोणी असता तर ही चूक गिळून बसला असता. संघपालराव सरळ गेणबाकडे गेले आणि त्यांनी स्वतःच सगळे सांगून टाकले. गेणबा पोट धरून हसला. “म्हंजे तुमी ओतायची गिटार केली व्हय! कारखान्यात न्या, रस ओतून आणा.” हसून झाल्यावर त्याने आढ्यावरून जुन्या सागवानाचा एक तुकडा काढून दिला. “पन्नास हुतील. सावकाश द्या.”

त्या तुकड्याच्या संघपालरावांनी बारीक खुंट्या काढल्या, फळीच्या रेषेला रेषा जुळवून जुन्या भोकांत बसवल्या आणि सरस वाळायला दोन दिवस हात लावला नाही. मग दोऱ्यानेच दोन्ही अर्धे सारखे करून नवी भोके पाडली. जुनी भोके लाल रंगाखाली कायमची लपली असती. त्यांनी तिथे पिवळा रंग दिला. करुणाने घोडी बसवली, तारा चढवल्या आणि एकेक पट्टी दाबत पुढे गेली. चौथी, सातवी, बारावी. मग तिने सुमितला फोन लावला. “दादा, भाड्याची आणू नको.”

पौर्णिमेच्या संध्याकाळी स्टेजवर चढताना सुमितने पिवळे ठिपके पाहिले. “काका, हे काय, डिझाइन?”

“डिझाइन न्हाय. तितं काम झालंय.”

गाणे मध्यावर आले आणि करुणाचा तुकडा सुरू झाला. तिचा हात चौथ्या पट्टीवरून निघाला, बारावी ओलांडून पंधरावीपर्यंत गेला, तिथे घोटाळला, परत फिरून पुन्हा वर गेला. संघपालरावांना त्यातले जाड आवाज तेवढे येत होते. त्यांनी बायकोला कोपराने ढोसले.

“लागतोय का?”

“काय?”

“सूर!”

“मला काय कळतंय? पण त्यो सुमित बघा की. डोळं मिटून बसलाय.”

संघपालरावांनी पाहिले. सुमितचे डोळे खरेच मिटलेले होते आणि मान डोलत होती. त्यांना तेवढी पावती पुरली. मग ते पुन्हा मुलीच्या हाताकडे पाहू लागले.

गिटारच्या माथ्यावर जिथे कंपनीचे नाव असते, ती जागा त्यांनी कोरी ठेवली होती. करुणाने मार्चमध्येच तिथे नाव घालायला सांगितले होते, तेव्हा ते “आधी वाजू दे” म्हणाले होते. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी बारीक ब्रश घेतला आणि पिवळ्या रंगात लिहिले : सं. मिसाळ, इंदापूर. गिटार त्यानंतर बारामतीला, माळेगावला आणि नरसिंहपूरला वाजून आली.

सागवानाच्या तुकड्याचे गेणबाचे पन्नास रुपये द्यायचे राहिले आहेत.