कांबळे अण्णांची चिठ्ठी

कांबळे अण्णांच्या टेबलावर माऊस नव्हता. म्हणजे कंपनीनं दिला होता, पण त्यांनी पहिल्याच आठवड्यात तो काढून भिंतीवरच्या खिळ्याला, कॅलेंडरशेजारी, शेपटीनं टांगून ठेवला होता. मी नोकरीला लागले त्या दिवशी माझी नजर आधी त्या माऊसवर गेली आणि मग अण्णांवर. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक फ्लॉपी, समोर काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. न राहवून मी विचारलं, "अण्णा, तो बिघडलाय का?"

"बिघडला न्हाई. मला लागत न्हाई. असू दे तिथं, वाऱ्याला."

नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं. हुबळीत केशवापूरला एका कापड दुकानाच्या माडीवर आमची आठ माणसांची कंपनी होती. मी धारवाडची, सप्तापूरची. वडील शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा माझा समज होता. रोज बसनं हुबळीला यायचे, आणि कॉम्प्युटरच्या परीक्षेत पहिली आले होते हे कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. अण्णांना कुठली पदवी नव्हती. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल होते. अण्णा नव्वदच्या दशकात एका टायपिंग क्लासात कॉम्प्युटर पुसायच्या कामाला लागले आणि पुसता पुसता तो चालवायला, मग शिकवायला लागले. मोजायचे कानडीत, समजावायचे मराठीत, रागावले की परत कानडीत.

त्यांच्या चिठ्ठीबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर अण्णा कळायचे नाहीत. वेबसाइट चालते म्हणजे एक कॉम्प्युटर दुसऱ्याला काहीतरी विचारतो आणि दुसरा उत्तर देतो. हे विचारणं आपल्याला दिसत नाही, आपण बटण दाबून मोकळे होतो. अण्णांनी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, त्याचं नाव 'चिठ्ठी'. त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काय विचारायचं ते साध्या फाईलमध्ये लिहायचं. वर पत्ता, खाली मजकूर. तिला नाव द्यायचं, 'अर्ज-नवा', 'अर्ज-पुसा' असं काहीतरी. मग काळ्या पडद्यावर 'चिठ्ठी पाठव अर्ज-नवा' एवढं टाइप केलं की विनंती निघाली. उत्तर आलं की तेही शेजारी आपोआप जपून ठेवलं जायचं. त्याला अण्णा 'पोच' म्हणायचे. सहा महिन्यांपूर्वी कोणत्या सर्व्हरला काय विचारलं होतं ते विचारा, अण्णा काढून दाखवायचे. मला सुरुवातीला हा सगळा प्रकार म्हणजे हौसेनं पायी धारवाड गाठण्यासारखा वाटायचा.

पहिल्याच आठवड्यात मी ऐटीत जाहीर केलं, "अण्णा, समोरचा सर्व्हर बिघडलाय. नुसता नाही म्हणतोय."

"काय विचारलीस ते आधी दाव. काय आलं ते मागनं बघू."

मी माझी चिठ्ठी उघडली. त्यात पासवर्डच नव्हता. अण्णांनी डबा उघडून शेंगाचटणी माझ्याकडे सरकवली. पुढच्या काही महिन्यांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की घरी भावाला ऐकवू लागले.

एकदा मी तोंड पाडून बसले होते. मला बेंगळुरूला जायचं होतं आणि वडील बोलत नव्हते. अण्णांनी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, "बाबा ऐकूनच घेत नाहीत."

"त्यांना काय विचारलीस?"

"विचारलं नाही. जाणार म्हणून सांगितलं."

"मग उत्तर कशाचं येणार, यव्वा? विचार की आधी."

विचारलं. वडील म्हणाले, वर्षभर थांब, मग जा. इतकं सोपं होतं हे मला कळलं नव्हतं, आणि त्याचा रागही आला.

अण्णांचा एक नियम मात्र ते कुणाला मोडू देत नसत. "गेलेली चिठ्ठी सुधारायची न्हाई. चुकली तर नवी लिहायची." मला हा नियम म्हणजे निव्वळ म्हातारपणा वाटे. एका शब्दासाठी नवी फाईल कशाला? अण्णा पाठमोरे असले की मी जुनीच उघडून शब्द बदलायचे आणि पाठवायचे. तोंडानं "हो अण्णा" म्हणायला मी मागेपुढे बघत नसे.

जून महिना होता, प्रवेशाचे दिवस. धारवाडच्या एका शिक्षण संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज आमच्या वेबसाइटवर भरले जात आणि तिथून संस्थेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जाऊन पडत. तिथं मंजुळा नावाची मुलगी ते छापून फायलीला लावायची. ती तात्पुरत्या कामावर होती. आम्ही दोघी रोज फोनवर बोलायचो, ती कानडीत आणि मी माझ्या मराठी वळणाच्या कानडीत. प्रत्यक्ष भेटलो नव्हतो.

आमच्या ऑफिसात चाचणीसाठी एक वेगळा कॉम्प्युटर होता. त्यावरचे खोटे अर्ज काढून टाकायला 'अर्ज-पुसा' ही चिठ्ठी होती. एके संध्याकाळी मंजुळानं सांगितलं की एका मुलीचा अर्ज दोनदा आलाय, एक काढून टाक. मी ती चाचणीची चिठ्ठी उघडली, तिच्यात संस्थेचा पत्ता घातला, त्या अर्जाचा नंबर घातला आणि पाठवली. काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चाचणीचे अर्ज पुसायचे होते. तीच चिठ्ठी उघडली, नंबराच्या जागी 'सगळे' लिहिलं आणि पाठवली. पत्ता बघितला नाही.

दुपारी संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला. वसतिगृहाचे सगळे अर्ज गेले होते. ते मालकांना म्हणाले, आमच्या त्या पोरीनं पुसले, दुसरं कोण बसतं तिथं? आज संध्याकाळी तिला काढून टाकतो. मालकांनी फोन ठेवला आणि आम्हाला विचारलं, "आपल्याकडनं काही नाही ना?"

मी चिठ्ठी उघडली. वर संस्थेचा पत्ता दिसला. पुढचं मी न अडखळता केलं, त्याची लाज मला अजून वाटते. पत्ता बदलून आमचा घातला, फाईल जपली आणि म्हणाले, "आपल्याकडे सगळं ठीक आहे."

तासाभरानं अण्णा स्टूल घेऊन माझ्याजवळ येऊन बसले.

"पुसा दाव."

मी दाखवली. पत्ता आमचा. अण्णांनी बराच वेळ वाचली, मग फायलींची यादी काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हिच्यावर अडीचची वेळ पडलीय. अर्ज तर सकाळी गेले. सकाळी काय विचारलीस?"

मला खोटं सुचलं नाही असं नाही, चांगली दोन-तीन सुचली. पण अण्णा वाट बघत होते आणि त्यांच्या तोंडावर राग नव्हता. मी सगळं सांगितलं.

"चल. बस मिळंल."

मालक म्हणाले, फोन करा, जायला कशाला हवं? अण्णा म्हणाले, "फोनवर नको. त्या पोरीसमोर सांगू दे."

बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत रडत होते. उणकलचा तलाव कधी मागे पडला ते कळलं नाही. अण्णा शेजारी पेपर वाचत बसले होते.

मंजुळा सेक्रेटरींच्या खोलीबाहेरच्या बाकावर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला आवाजावरून ओळखलं असतं, पण ती बोलतच नव्हती. अण्णांनी तिला आत बोलावून घेतलं. मी सेक्रेटरींना मराठीत सांगू लागले तर अण्णांनी थांबवलं. "तिला कळंल असं बोल."

"तप्पु नंदु," मी म्हणाले, "इवरदल्ल." चूक माझी, यांची नाही. मग काय केलं आणि नंतर कसं लपवलं, तेही सांगितलं.

मंजुळानं माझ्याकडे पाहिलंच नाही. सेक्रेटरींकडे बघून ती एवढंच म्हणाली, "मुंजानेयिंद हेळाक हत्तेनि." सकाळपासून सांगतेय.

सेक्रेटरींनी आवाज चढवला. अर्जांचं काय? पोरींना काय सांगू? अण्णांनी खिशातली फ्लॉपी काढली. संस्थेचा कॉम्प्युटर काही पुसला की काय काय पुसलं ते उत्तरात लिहून पाठवायचा, आणि ते उत्तर चिठ्ठीनं पोच म्हणून जपून ठेवलं होतं. ती पोच आणि चिठ्ठीचा प्रोग्राम अण्णांनी त्या फ्लॉपीवर घेतला होता. चिठ्ठीत फेरफार करताना पोच माझ्या ध्यानातही आली नव्हती. अण्णांनी मंजुळाच्या खुर्चीवर बसून एकेका अर्जाची नवी चिठ्ठी केली आणि पाठवली. मंजुळा छापत गेली आणि मी नावं ताडून बघत गेले. संध्याकाळपर्यंत सगळ्या मुली परत आल्या.

परतीला बसस्टॉपवर मी विचारलं, "अण्णा, ती फ्लॉपी तुम्ही दुपारीच केली होती?"

"होय की."

"मग हुबळीहूनच अर्ज परत पाठवायचे होते. कुणाला कळलंही नसतं."

"अर्ज आले असते. त्या पोरीचं नाव कसं आलं असतं?"

मालकांनी मला काढलं नाही, पण महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढं मी बेंगळुरूला गेले. तिथं असलीच कामं करणारी देखणी साधनं आली. सगळे ती वापरायचे, मी मात्र कितीतरी दिवस अण्णांचीच चिठ्ठी चालवत होते. लोक हसायचे. मी त्यांना आधी काय विचारलं ते दाखवा म्हणायचे. माझी नोकरी त्या एका वाक्यावर चालली म्हटलं तरी चालेल.

चार-पाच वर्षांनी अण्णा हृदयविकारानं गेले. उणकलला त्यांनी बांधलेल्या घरी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले होते. वंदना झाली, माणसं उठली, तेव्हा एक बाई माझ्याजवळ आली. आवाज ऐकला आणि ओळखलं. मंजुळा. ती आता त्याच संस्थेत कायम झाली होती.

तिनं कानडीत सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी अण्णा एकटेच परत धारवाडला गेले होते. सेक्रेटरींच्या समोर बसून त्यांनी एक पत्र लिहून घेतलं, की अर्ज पुसले गेले यात मंजुळाचा काही दोष नाही, चूक बाहेरच्या कंपनीकडून झाली. ते पत्र तिच्या फायलीला लावायला लावलं. तिला कायम करताना त्या दिवसाचा विषय निघाला, तेव्हा तेच पत्र उपयोगी पडलं.

"मी त्यांना म्हटलं, तिचं नाव घाला," मंजुळा म्हणाली. "मला फार राग होता तुमचा. सेक्रेटरीपण म्हणाले, घालू. पण अण्णांनी पेनावर हात ठेवला. म्हणाले, ती येऊन तोंडानं सांगून गेलीय, तेवढं बास. कागदावर चढलं तर पोरीला जन्मभर पुरंल."

मला तिच्यापुढं रडू आवरलं नाही. गेलेली प्रत्येक चिठ्ठी जपणाऱ्या त्या माणसानं माझ्या चुकीवर माझं नाव मात्र कुठंच लिहू दिलं नव्हतं.