मोठाईचा खोटा उपास

मोठाई माझ्याशी खोटं बोलून मेली.

असं लिहिलं म्हणून घरचे रागावतील. रागावू द्या.

मोठाई म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची, बाबांच्या थोरल्या भावाची बायको. कामठ्यात आमच्या दोन्ही घरांचं आंगण एक. आईनं जन्म दिला, बाकी सगळं मोठाईनं केलं.

मी पाच वर्षांचा असताना माझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरनं सांगितलं, रात्रीपासून पोराला काही द्यायचं नाही, सकाळी पाणीसुद्धा नाही. आई ऐकूनच रडायला लागली. कारण मी उठल्या उठल्या शिळा भात मागणारा पोरगा.

मोठाई म्हणाली, त्याचं मी पाहतो, तुम्ही कोणी मधात बोलू नका.

आमच्या घरी लहान पोरांना उपास धरू देत नव्हते. साबुदाणा मोठ्यांना, आम्हाला भात. दर सोमवारी मी त्यासाठी भांडायचो.

हे तिला पक्कं माहीत.

"उद्या तुले उपास. महादेवाचा. कडक, पाणी बी नाही. जमन का?"

"जमन."

"नाही जमत तुले. लहान आहेस तू."

"जमन म्हणतो ना."

सकाळी अख्ख्या मोहल्ल्याला सांगून आलो. शेजारच्या काकूनं मुरमुरे दिले, मी हात मागे घेतला. मोठाईनं पण पाण्याला तोंड लावलं नाही. आधी नागऱ्याच्या महादेव मंदिरात जायचं, पूजा झाली की साबुदाणा, असं ठरलं होतं.

ऑटो दवाखान्यासमोर थांबला.

नर्सनं विचारलं, काही खाल्लं का बाबू? मी छाती काढून सांगितलं, महादेवाचा उपास आहे. ती हसली आणि मला आत घेऊन गेली.

शुद्धीवर आलो तर पोटाला पट्टी, बाजूला मोठाई. मी तोंड फिरवलं.

"खोटारडी आहेस तू."

"खरं सांगतलं असतं त उपाशी राहिला असता का बे?"

कितीतरी दिवस तिच्या हातचं जेवलो नाही. मग जेवलो. पाच वर्षांच्या पोराचा राग किती टिकणार.

नववीत शाळा सोडली. सुरत झालं, पुणे झालं, आता हैदराबादला टाइल्स बसवतो. एका जागी टिकत नाही, हे खरं. घरी कोणी शिंकलं तरी काम टाकून गाडी पकडतो.

त्या बुधवारी सकाळी तिला व्हिडिओ कॉल लावला. कट केला तिनं. मग साधा फोन लावला. मागे लोकांचा गलका. म्हणाली, नागऱ्याले आली आहो. मी विचारलं, चहा झाला का.

"नाही रे. उपास आहे आज. महादेवाचा."

मी हसलो. म्हटलं, बुढी झालीस, वार बी भुलून राहिली. तीही हसली.

ती दवाखान्यात होती. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होतं दुपारी.

सगळ्यांना माहीत. आईला, बाबांना, तिच्या पोराला, मुरमुरेवाल्या काकूला पण. फक्त मला नाही. मोठाईनंच बजावून ठेवलं होतं, त्याले सांगू नका, तो काम सोडून येते.

ऑपरेशननंतर बिघडलं. तिचा पोरगा, माझा दादा, फोनवर म्हणाला, तब्येत थोडी नरम आहे, येऊन जा.

मी ट्रेनमध्ये चढलो तेव्हा ती गेलेली होती.

बल्लारशाहला तिच्यासाठी संत्री घेतली मी. फोन करून विचारलं पण, तिला चालतील का. दादा म्हणाला, घे.

आंगणात पोचलो तर बायका बसलेल्या. माझ्याकडे न बघता सगळ्या बाजूला सरकल्या.

दादा म्हणतो, रस्त्यात तुझं काही झालं असतं तर. आई म्हणते, तिनं शपथ घातली होती. सगळ्यांकडे कारण आहे.

मोठाई, काऊन केलं असं?

काम गेलं असतं त गेलं असतं. काम दुसरं भेटते मले. तुह्या खाटेपाशी बसलो असतो, बस. त्याच्याहून जास्त काही नाही.

आज तेरवी. तुझ्या फोटोचा हार वाकडा झाला होता, सरळ करून आलो.

राग आहे. तरी हात जोडतो.

राम राम, मोठाई.