राहीबाईचे उखाणे

राहीबाई माझी थोरली जाऊ. पाटणकडच्या आमच्या गावात तिच्याइतकी चौकस बाई झाली नाही, आणि त्या चौकसपणाचा जाच मला. पलटणीतला कुणी रजेवर आला की ही तव्यावरची भाकरी तशीच टाकून त्याच्या दारात. करपलेली भाकरी माझ्या नावावर.

तिचे मालक, म्हणजे माझे थोरले दीर सयाजी, एकेचाळीस साली पलटणीबरोबर मलायात होते. पण हिला सगळ्याच मुलखांचं कुतूहल.

"बसऱ्यात म्हशी हायत का? मिसरात बाया भाकरी कशाची करत्यात? झाडाला सावली असती का?"

जवान हसायचे, पण सांगायचे.

ते सगळं तिच्या उखाण्यांत उतरायचं. तोवर आम्ही चांदीचं ताट नि गुलाबाचं फूल यावरच भागवत होतो. हिनं बसऱ्याचा खजूर आणला, मिसरची म्हणजे इजिप्तची वाळू आणली आणि गावाला चटकच लागली. कधी वाईच्या पलीकडे न गेलेल्या बाया विमान जोडून नाव घेऊ लागल्या. रॉकेल कंट्रोलात जाऊन मापानं मिळू लागलं, तर एका नवरीनं रॉकेलचा डबाच उखाण्यात बसवला. लढाई कुठं आणि आमची हळदीकुंकवं कुठं, मला मोठी गंमत वाटायची.

राहीबाईच्या जिवाला मात्र घोर होता. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्यापासून दिरांचं पत्र नव्हतं. दोन वर्षं अशीच गेली. त्या संक्रांतीला वाण देताना ओळीनं नावं घेतली जात होती. राहीबाईची पाळी आली तशा बाया तिला ओलांडून माझ्याकडे वळल्या. नवरा आहे की नाही ते ठाऊक नाही, तिला नाव घे कसं म्हणायचं? मला संताप आला.

कोपऱ्यात सासूबाई बसल्या होत्या, रंगूबाई. परमुलखातले ते उखाणे त्यांना कधीच आवडले नव्हते.

"राहे, तुझं ऱ्हायलं की," त्या म्हणाल्या. "घे नाव."

शेवटच्या पत्रात दिरांनी रबराच्या झाडांबद्दल कळवलं होतं. राहीबाईनं तेच धरलं.

"रबराच्या झाडाचा चीक गळतो वाटी-वाटी, सयाजीरावांचं नाव अजून माझ्या ओठी."

सासूबाईंनी स्वतः उठून तिला कुंकू लावलं. मग बाकीच्यांची काय बिशाद होती?

लढाई संपली त्या दिवाळीत दीर आले. जपान्यांच्या कैदेत अंगावर नुसती हाडं उरली होती. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. बाया जमल्या आणि म्हणाल्या, "आता घे की नाव."

एवढ्या गावासमोर नाव घेणाऱ्या राहीबाईनं नाव घेतलंच नाही. दिरांच्या करपलेल्या खांद्यांकडे ती बघत राहिली.

"आवं," ती म्हणाली, "त्या रबराच्या झाडाला सावली असती का वं?"

"असती की. लय गार," दीर म्हणाले.

तेव्हा कुठं ती रडली.